मीठ, मोळी आणि चावडी : गुन्हा कुणी ठरवला?

चुलीवर काही असेल तर आच कमी करा, पोरांना बाजूला बसवा, आणि थोडा वेळ आमच्याशी बोला. आज आपण चोरांच्या गोष्टी सांगणार आहोत. पण दरोडेखोरांच्या नाही, मोठ्या खटल्यांच्याही नाही. शेतात शिरलेल्या म्हशीची गोष्ट, पदरात बांधलेल्या मिठाची गोष्ट, डोक्यावरच्या मोळीची गोष्ट. अशा लहान गुन्ह्यांचा निवाडा पूर्वी कोण करायचं, कसा करायचं, आणि त्यात बाईमाणसाच्या वाट्याला काय यायचं, हे आज पाहू.

ऐकताना तीन प्रश्न मनाशी धरून ठेवा. हा गुन्हा आहे हे कुणी ठरवलं? निवाड्याला कोण बसलं? आणि दंड कुणी भरला? हे तीन प्रश्न विचारले की जुना इतिहासही कळतो आणि आजची बातमीही कळते.

आम्ही बोलतोय शिरवण्यातून. आता इकडे जुईनगर आणि नेरूळचे टॉवर, तिकडे कारखाने, मधून रेल्वे आणि महामार्ग. पण सिडको १९७० साली आली. त्याआधी ही सगळी बेलापूर पट्टी होती. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, मधे भाताची खाचरं, खाजण आणि मिठागरं. आगरी आणि कोळी माणसं शेती करत, मीठ पिकवत, मासळी धरत. बाया भात लावत, मिठाच्या पाट्या वाहत, डोंगरातून लाकूडफाटा आणत, टोपली घेऊन मासळी विकत. आजची गोष्ट याच कामांची आहे. कारण यातलं जवळजवळ प्रत्येक काम कधी ना कधी कुणीतरी गुन्हा ठरवलेलं आहे.

चावडीवरचा निवाडा

बेलापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३३ साली पोर्तुगीजांकडून घेतला. १८१७ साली तो इंग्रजांकडे गेला. मधली ८४ वर्षं पेशव्यांच्या अमलाची. त्या काळी मराठी मुलखात गावचा कारभार पाटलाकडे असे आणि लिखापढी कुलकर्ण्याकडे. गावाची राखण, वेशीवरचा पहारा, हद्दीच्या खुणा लक्षात ठेवणं ही कामं वतनदार महारांकडे असत. देशावर काही ठिकाणी रामोशी राखण करत. पोलीस ठाणं नाही, वकील नाही. भांडण झालं की माणसं चावडीवर जात.

चोरी झाली तर काय करत? राखणदार पावलांचा माग काढत. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की तो त्या गावाच्या राखणदाराच्या हवाली केला जाई. त्यानं तो पुढे न्यायचा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला, त्या गावानं नुकसानीची जबाबदारी घ्यायची, अशी रीत होती. इंग्रजांनी पेशवाई जिंकल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं १८१९ साली या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. त्यात या मागाच्या पद्धतीचं आणि पंचायतीचं वर्णन आहे. बघा, म्हणजे चोरी ही एकट्या घराची बाब नव्हती. ती गावाच्या अंगावर येणारी गोष्ट होती. म्हणून गावही डोळे उघडे ठेवी.

जमिनीचा, वतनाचा, वाटणीचा तंटा असला तर गोतसभा बसे. गोत म्हणजे गावातले आणि आसपासच्या गावांतले जाणते लोक. दोन्ही बाजूंकडून आधी लिहून घ्यायचं की निवाडा मान्य करू. जामीन द्यायचा. मग साक्षी व्हायच्या. साक्षीदारानं देवासमोर बेलभंडार उचलून बोलायचं. निवाड्याचा कागद व्हायचा, त्यावर हजर लोकांची नावं यायची, शेतकऱ्याचा नांगर, सुताराची किंकरी अशा निशाण्या उठायच्या. या कागदाला महजर म्हणत. असे शेकडो महजर आज छापलेले आहेत.

निवाडा फुकट नव्हता. जिंकणाऱ्यानं सरकारला हरकी द्यायची, म्हणजे जिंकल्याच्या आनंदाची रक्कम. हरणाऱ्यानं गुन्हेगारी भरायची, म्हणजे दंड. दोन्हींकडून पैसा सरकारात जमा. तंटा कुणाचाही असो, सरकारचं खातं भरायचं.

आणि साक्षीपुराव्यानं काही ठरत नसेल तर दिव्य. रवा दिव्य तुम्ही ऐकलं असेल. कढईत तेलतूप उकळायचं, त्यात धातूचा तुकडा टाकायचा, आणि त्या माणसानं हातानं तो बाहेर काढायचा. मग हाताला पिशवी बांधून मोहर करायची. तिसऱ्या दिवशी उघडून बघायचं. हात भाजला नसेल तर माणूस खरा. आज आपल्याला अंगावर काटा येतो. पण त्या काळी अनेकांना तो देवाचा निवाडा वाटे. एवढं मात्र सांगायला हवं की अशा दिव्यात खऱ्याचाही हात भाजतो.

त्या सभेत बाई कुठे होती?

आता मनाशी धरलेला दुसरा प्रश्न. निवाड्याला कोण बसलं? महजरांवरची नावं वाचत गेलं की पाटील दिसतात, शेटे दिसतात, बलुतेदार दिसतात. जाणत्यांच्या सभेत न्याय द्यायला बसलेली साधी घरची बाई दिसत नाही. वतनदार घरातली एखादी विधवा आपला हक्क मागायला उभी राहिलेली दिसते, आणि ती जिंकलेलीही दिसते. पण ती मागायला आलेली असते, द्यायला बसलेली नसते.

बाई कागदावर सापडते ती बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणून. पेशवाईच्या दप्तरात शिंदळकीची पुष्कळ प्रकरणं आहेत. बाईनं परपुरुषाशी संबंध ठेवला असा आरोप. पुरुषाला दंड भरून सुटता येई. बाईला दंड भरता आला नाही, किंवा घरच्यांनी हात झटकले, तर तिला सरकारात जमा करत. ती कुणबीण होई, म्हणजे दासी. किल्ल्यावरच्या कोठारात दळण-कांडण करायला तिला पाठवत. आपल्याला किल्ल्याचे बुरूज दाखवतात, तोफा दाखवतात. त्या किल्ल्यांवर दळणाऱ्या बायांची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून ती इथे सांगितली.

आगरी समाजात एक गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे लग्न लावताना धवलारीण लागते. ती धवले गाते, विधी पुढे नेते, आणि मांडवातले सगळे तिचं ऐकतात. म्हणजे बाईच्या तोंडचा शब्द प्रमाण मानायची सवय आपल्या गावांना होती. मांडवात होती, चावडीवर नव्हती. ती मांडवातून चावडीपर्यंत का पोचली नाही, यावर तुमच्या गटात जरूर बोला.

कोंडवाड्याचा कायदा

इंग्रज आले आणि न्याय कागदावर आला. १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी कायद्यांची संहिता झाली. १८६० साली भारतीय दंडसंहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. मग १८६७ साली मुंबई गाव पोलीस कायदा आला. जुना पाटील आता सरकारचा पोलीस पाटील झाला. गुन्ह्याची खबर वर पोचवायची, चोर धरायचा, अनोळखी माणसावर नजर ठेवायची, ही त्याची कामं. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा बाबतीत माणसाला चावडीत २४ तासांपर्यंत डांबायचा अधिकारही त्याला देता येत असे.

विचार करा, एका माणसाच्या हातात शेजाऱ्याला एक दिवस-रात्र कोंडायची ताकद. पाटील न्यायी असला तर गावाला बरं. नसला तर? तक्रार करायला तालुक्याला जायचं. एका दिवसाचा रोज बुडवून, पायी.

गावात सगळ्यात जास्त भांडणं गुरांवरून होत. त्यासाठी १८७१ साली कोंडवाड्याचा कायदा झाला. उभ्या पिकात गुरू शिरलं तर शेतकऱ्यानं ते पकडायचं आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. मालकानं दंड आणि वैरणीचा खर्च भरून सोडवून न्यायचं. पहिल्या दरपत्रकात म्हशीला ८ आणे, गाय-बैलाला ४ आणे, शेळीला १ आणा असा दंड होता. सात दिवसांत कुणी आलं नाही की पुढे नोटीस, आणि शेवटी लिलाव.

कायदा वाचायला सरळ वाटतो. पिकाचं नुकसान झालं तर कुणीतरी भरपाई करायलाच हवी. पण गुरं कोण राखायचं? पोरं आणि बाया. आणि दंडाचा पैसा कुणाकडे? त्या शेतकऱ्याला नाही, कोंडवाड्याच्या खात्यात. शेतकऱ्याला भरपाई हवी तर वेगळा दावा. म्हणजे इकडची बाई दंड भरून रडायची, तिकडची बाई खाल्लेल्या पिकाकडे बघून रडायची, आणि दोघींचं बोलणं बंद व्हायचं. जुन्या पद्धतीत पंचांनी मधे पडून पायली-दोन पायली भात देववलं असतं आणि तंटा तिथंच मिटला असता. हा एक फरक लक्षात ठेवा. गावचा निवाडा दोन घरांना पुन्हा एकत्र राहायचंय हे धरून चालायचा. सरकारचा निवाडा फक्त गुन्हा आणि दंड बघायचा.

खाडीचं मीठ, सरकारचा गुन्हा

आतापर्यंत सांगितलेले गुन्हे गावालाही गुन्हे वाटत. चोरी वाईट, पीक खाऊ घालणं वाईट, शिवीगाळ वाईट. पण आता येतात ते गुन्हे, जे सरकारनं निर्माण केले. त्यात पहिलं नाव मिठाचं.

मिठावर इंग्रज सरकारचा कर होता. १८८८ साली तो मणाला अडीच रुपये झाला. एक मण म्हणजे ४० शेर, आजचे सुमारे ३७ किलो. अडीच रुपये म्हणजे ४० आणे. म्हणजे हिशेब सोपा झाला. शेरभर मिठामागे एक आणा कर. हा फक्त कर, मिठाची किंमत वेगळी. १९०३ पर्यंत हा दर राहिला, मग कमी होत गेला, १९२३ साली वर्षभरासाठी पुन्हा अडीच रुपयांवर गेला.

१८९० साली मुंबई इलाख्याचा मिठाचा कायदा झाला. परवान्याशिवाय मीठ करायचं नाही. मिठागरावर मिठाच्या खात्याचे शिपाई. कर भरल्याशिवाय मीठ हलवायचं नाही. एवढंच नाही, उन्हानं खाजणात आपोआप साठलेलं मीठ गोळा करणं हाही गुन्हा. आपल्या बाया दिवसभर मिठाच्या पाट्या वाहणार, तळपायांना चिरा पडणार, आणि संध्याकाळी कालवणापुरतं मूठभर मीठ पदरात बांधलं तर ती चोर. मीठ समुद्राचं, ऊन सूर्याचं, राबणं बाईचं, आणि मालकी सरकारची.

याच अन्यायावर गांधीजींनी १९३० साली बोट ठेवलं. ६ एप्रिलला दांडीला मूठभर मीठ उचललं आणि देशभर लोक कायदा मोडायला निघाले. मुंबईत मीठ तयार करून कायदा मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले होत्या. खाडीच्या पलीकडे वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो माणसं धावून गेली. तळकोकणात शिरोड्याला मे महिन्यात सत्याग्रह झाला. १९३१ च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, आणि मीठ पिकणाऱ्या भागातल्या गावकऱ्यांना घरापुरतं मीठ गोळा करायची, गावात विकायची मुभा मिळाली. कर पूर्ण गेला तो १९४७ साली.

जे काल गुन्हा होतं, ते एका करारानं गुन्हा राहिलं नाही. मीठ तेच होतं, खाडी तीच होती. बदलला तो कायदा, आणि तो लोकांनी बदलायला लावला.

मोळी आणि राब

दुसरा असा गुन्हा लाकडाचा. १८७८ साली जंगलाचा कायदा आला. डोंगर सरकारी राखीव जंगल झाले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यानं मोठा आकांत झाला. कारण आपलं भात राबावर उभं. पावसाआधी रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि भाजायचं. जमीन भाजली की तण मरतं, राख मिळते, रोप जोमानं येतं. फांद्या तोडायच्या नाहीत तर राब कसा भाजायचा? चूल कशानं पेटवायची? एका हुकुमानं साधी शेतकरीण जंगलचोर झाली.

तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारनं १८८५ साली चौकशीसाठी जंगल आयोग नेमला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. त्यात ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांची राबाची, लाकडाची गाऱ्हाणी नोंदलेली आहेत. काही सवलती मिळाल्या, पण जंगल सरकारचं ते सरकारचंच राहिलं. गार्डाला दिसली की मोळी जप्त, कोयता जप्त, वर दंड. दंड चुकवायचा तर कोंबडी द्या, अंडी द्या. ही गोष्ट डोंगराकाठच्या बायांना आम्ही नव्यानं सांगायला नको.

१९३० साली उरणजवळच्या चिरनेर गावी जंगल सत्याग्रह झाला. २५ सप्टेंबरला आसपासच्या गावांतली आगरी, कोळी, कातकरी माणसं अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली. हाती कोयते होते ते लाकूड तोडून कायदा मोडण्यासाठी. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रहींचा जीव गेला. त्यांची आठवण चिरनेरला दर वर्षी केली जाते. आपल्या शेजारच्या माणसांनी झाडाच्या फांदीसाठी प्राण दिले, हे आपल्या पोरींना माहीत असायला हवं.

ताडी, मोह आणि दारू

तिसरा गुन्हा ताडामाडाचा आणि मोहाचा. १८७८ च्या अबकारी कायद्यानं ताडी काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसला. १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला. ठरावीक मापापेक्षा जास्त मोहाची फुलं परवान्याशिवाय घरात ठेवणं गुन्हा ठरलं. रानातल्या गावांत मोह हे नुसतं दारूचं सामान नव्हतं. टंचाईच्या दिवसांत ते खाणं होतं. बाया फुलं वेचून, वाळवून साठवत. आता घराच्या कणगीत हात घालून शिपाई फुलं मोजू लागला.

इथे आपण जरा थांबू. कारण दारूचा प्रश्न मिठासारखा सरळ नाही. मिठानं कुणाचं घर मोडलं नाही. दारूनं मोडलं, हे बायांइतकं कुणाला माहीत? इंग्रज सरकारला दारू बंद करायची नव्हती. त्याला दारूचा पैसा हवा होता. मक्तेदाराची दारू विकली गेली पाहिजे म्हणून घरची दारू गुन्हा. पुढे स्वतंत्र भारतात १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला, तो वेगळ्या हेतूनं. आणि आज महाराष्ट्रात बायांच्या हाती एक हत्यार आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. अनेक गावांनी असं केलंय.

म्हणजे कायदा मुळात वाईट असं आमचं म्हणणं नाही. तो कुणाच्या भल्यासाठी केला, आणि करताना कुणाला विचारलं, हे बघायचं.

इंग्लंडच्या खेड्यातली मेरी

तुम्ही म्हणाल, इंग्रजांनी आपल्यावरच असं केलं. तसं नाही. स्वतःच्या खेड्यातल्या गरीब बायांशीही त्यांचे जमीनदार असंच वागले. सरवा वेचणं आपल्याला माहीत आहे. कापणी झाली की शेतात पडलेली कणसं, लोंब्या गरीब बाया-पोरं वेचतात. इंग्लंडमध्येही ही रीत पुरातन. बायबलमध्येसुद्धा सरवा गरिबांसाठी सोडावा असं सांगितलंय. सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावी मेरी हॉटन नावाची बाई अशीच सरवा वेचायला गेली. जमीनदारानं दावा लावला. १७८८ साली लंडनच्या कोर्टानं निकाल दिला की सरवा वेचणं हा कुणाचा कायदेशीर हक्क नाही. शेकडो वर्षांची रीत एका निकालानं चोरी होऊ शकली. तरी पुष्कळ खेड्यांतल्या बाया पुढची शंभर वर्षं सरवा वेचतच राहिल्या. गावानं रीत सोडली नाही.

टिमवर्थची मेरी आणि बेलापूर पट्टीची मिठाची पाटी वाहणारी बाई एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. पण त्यांची गोष्ट एकच.

इंग्रजांनी आणखी एक भयंकर गोष्ट केली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो देशभर वाढवला. काही जमातींची माणसं जन्मतःच गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण गावात काही हरवलं की आजही आधी कुणाच्या पालाकडे बोट जातं? आपलंही जातं का, हे आपापल्या मनाला विचारू या.

गावकी चांगली होती का?

आता कुणी म्हणेल, मग जुनी गावकीच बरी होती. तंटा गावात मिटायचा, वकिलाचा खर्च नाही, तारखा नाहीत. यात खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. गावकीत बाई नव्हती. राखण करणारा महार होता, पण तो चावडीच्या पायरीखाली उभा असे. आणि गावकीच्या हाती सगळ्यात जालीम शिक्षा होती, वाळीत टाकण्याची. विहिरीवर पाणी नाही, दुकानात सामान नाही, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. तुरुंगापेक्षा ही शिक्षा वाईट, कारण तिला मुदत नाही आणि ती पोराबाळांनाही भोगावी लागते. कोकणात अगदी अलीकडेपर्यंत वाळीत टाकल्याची प्रकरणं पोलिसांत गेली आहेत. जातीबाहेर लग्न केलं म्हणून, निवडणुकीला उभं राहिलं म्हणून, पंचांना उलट बोललं म्हणून.

महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. असा खास कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. २०१७ पासून तो लागू आहे. कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पंच म्हणून बसलेले, त्यांना मदत करणारे, सगळे यात येतात. तुमच्या ओळखीत कुणी वाळीत असेल तर तिला ही माहिती नक्की सांगा.

आजचे गुन्हे

मग आज शिरवण्यात मिठाची जागा कशानं घेतली? खाचरं गेली, मिठागरं गेली. गावठाणात माणसं वाढली, पण गावठाण वाढलं नाही. पोराचं लग्न झालं, वर एक खोली चढवली, तर ती अनधिकृत. गरजेपोटी बांधलेली घरं हा शब्द नवी मुंबईच्या गावांत घराघरात माहीत आहे. ज्यांची जमीन घेऊन शहर उभं राहिलं, त्यांचंच घर अतिक्रमण म्हणून नोंदवलं जातं, आणि हा प्रश्न वर्षानुवर्षं चालला आहे.

टोपली घेऊन बसणाऱ्या मासळीवाल्या बाईचंही तेच. जिथे तिची सासू बसायची, तिथे आज पदपथ आहे, आणि गाडी आली की टोपली उचलून पळावं लागतं. तिला हे माहीत हवं की २०१४ साली फेरीवाल्यांचा कायदा झालाय. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते. त्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया असायला हव्यात. पूर्वी चावडीवर आपल्याला जागा नव्हती. इथे कायद्यानंच खुर्ची ठेवलीय. ती रिकामी राहिली तर मग कुणीतरी दुसरा बसणारच.

खेड्यातल्या मैत्रिणींना तर आणखी जागा आहेत. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायला हवी. १९६७ च्या नव्या कायद्यानं पाटलाचं वतन संपून पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद झालं, आणि आज अनेक गावांत बाई पोलीस पाटील आहे. २००७ च्या १५ ऑगस्टपासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिची समिती ग्रामसभेतून निवडली जाते. किरकोळ तंटा तिथं सामोपचारानं मिटवता येतो. एक मात्र ध्यानात ठेवा. बाईला मारहाण, अत्याचार, हुंड्याचा छळ ही प्रकरणं समितीत बसून मिटवायची नसतात. तिथं पोलीस आणि कोर्ट, दुसरी वाट नाही. गावाच्या अब्रूसाठी बाईला गप्प बसवणं, हा निवाडा नव्हे.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या बैठकीत घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला बोलवा. तिला विचारा, गावात कोंडवाडा कुठे होता? मोळी आणताना कुणाला भ्यायचात? चावडीवर बाईचं ऐकायचं का? जुन्या ट्रंकेत कोंडवाड्याची पावती, दंडाची पावती, फेरफाराचा कागद सापडला तर फेकू नका. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि मागे तारीख व नाव लिहा. जे वहीत उतरवाल, ते आम्हालाही कळवा. इतिहास फक्त किल्ल्यांवर नसतो, तो पावतीच्या चिटोऱ्यावरही असतो, आणि असे चिटोरे बहुतेक वेळा बायांनीच जपलेले असतात.

आणि पुढच्या वेळी कुणी एखाद्या गरिबाला चोर म्हणालं, तर मान डोलावण्याआधी ते तीन प्रश्न विचारा. कुणी ठरवलं? निवाड्याला कोण बसलं? दंड कुणी भरला?

आज एवढंच. मुलांना जेवायला वाढा, तुम्हीही वेळेवर जेवा. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.